साइडबोर्डवरील डाग

गेल्या वर्षी आमच्या बैठकीत लाखेचे पॉलिश दिलेला, आरशासारखा चकाकणारा साइडबोर्ड आला. एके सकाळी आमच्या वृद्ध आईने त्यावर चहाची उकळती किटली ठेवली. पांढरे वर्तुळ उमटले. आम्ही नको ते बोलून गेलो. तेव्हापासून आई स्वयंपाकघरातच चहा घेऊ लागली.

लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील किड्यांचा स्राव. सुमारे ७५ अंश उष्णतेस ती मऊ पडते. दोष लाखेच्या गुणधर्माचा, आईचा नव्हे. हे आम्हांस उशिरा उमगले.

डाग काढावयास आलेल्या सुतारास आम्ही परत पाठविले आणि आईची क्षमा मागितली. आता किटली लाकडी चकतीवर असते, आणि आई बैठकीत, आमच्याजवळ.