उमेदभवनातील एक रात्र

पक्षकाराच्या खर्चाने घडणारा प्रवास हाच आम्हां वकिलांचा राजयोग. गतवर्षी एका लवादाच्या कामासाठी जोधपूरला जाणे झाले आणि आमची सोय थेट उमेदभवनात झाली. एका रात्रीचे भाडे कानी पडताच झोप उडाली. इतक्या महाग शय्येवर नुसते झोपणे हाच अपव्यय वाटू लागला!

पहाटे सज्ज्यात उभे राहिलो. महाराजा उमेदसिंहांनी १९२९ साली ही वास्तू उभारावयास घेतली, ती दुष्काळपीडितांच्या हातांना काम मिळावे म्हणून. १९४३ मध्ये ती पुरी झाली. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले आणि पुढे याच महालाच्या एका भागात हॉटेल आले. त्या दुरुस्तीचे समर्थन आम्ही विद्यार्थिदशेपासून हिरिरीने करीत आलो आहोत.

इतक्यात चहा घेऊन आलेल्या फेटेधारी सेवकाने लवून ‘खम्मा घणी’ म्हटले, आणि आमची मान नकळत ताठ झाली! इंदुरास आमचे पणजोबा होळकरांच्या दरबारी असेच लवत असत. तनखे घटनेने बंद केले. मुजरा घेण्याची हौस मात्र आमच्याच पोटी वारसाहक्काने उतरली आहे, आणि तिच्याविरुद्ध दावा लावावा तर प्रतिवादीही आम्हीच.