पुश करण्याआधीची आवराआवर

हिंजवडीतल्या एका डेव्हलपरच्या टीममध्ये यंदा एक नवा मुलगा आला आणि तो दिवसभर पुश करत असतो. कमिटचे मेसेज 'फिक्स', 'परत फिक्स', 'आता तरी चाल बाबा' असे. तिची रीत याच्या उलट. काम पुरं होईपर्यंत ब्रांच लॅपटॉपवरच ठेवायची, कमिट पुढेमागे करायचे, दोनांचा एक करायचा, मेसेज पुन्हा लिहायचे आणि मगच रिमोटवर पाठवायचं. मुलाने सहज विचारलं, "पण ताई, तोवर लॅपटॉपच गेला तर?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तीही रोज संध्याकाळी आपल्या ब्रांचवर पुश करू लागली. पण आवराआवरीची सवय काही सुटली नाही, आणि एकदा पुश झालेलं आवरायचं म्हणजे फोर्स आला.

साधा पुश रिमोटला दोन गोष्टी देतो: त्याच्याकडे नसलेले ऑब्जेक्ट, आणि 'या ब्रांचचं टोक इथून उचलून तिथे ठेव' एवढी विनंती. नवं टोक जुन्याच्या पुढचं नसेल, तर 'रिजेक्टेड' येतं. टीममध्ये सगळे म्हणतात, सर्व्हरने नाकारलं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नकार देतो तो आपल्याच मशीनवरचा गिट. सर्व्हरकडून जुनं टोक कळलं, की तपासणी तोच करतो. सर्व्हरने स्वतः अडवावं असं वाटत असेल तर तशी सेटिंग लावावी लागते, किंवा ब्रांच प्रोटेक्ट करावी लागते. फोर्स म्हटलं की आपल्या बाजूचा हा राखणदार मुकाट बाजूला होतो.

तो बाजूला झाला की काय होतं, ते नोव्हेंबर 2013 मध्ये जेन्किन्स या प्रकल्पाच्या लोकांनी पाहिलं. त्यांच्या एका डेव्हलपरकडून नकळत फोर्स पुश झाला आणि गिटहबवरच्या दीडशेहून अधिक रिपॉझिटरींमधल्या ब्रांच जुन्या टोकांवर मागे गेल्या. कोड सापडला, कारण टोक हललं म्हणून कमिट लगेच पुसले जात नाहीत. पण कुठलं टोक कुठे होतं, हे शोधत बसावं लागलं.

योगायोग असा, की त्याच महिन्यात आलेल्या गिट 1.8.5 मध्ये '--फोर्स-विथ-लीज' होता. अर्थ एवढाच: रिमोटचं टोक मी शेवटचं पाहिलं तिथेच असेल तरच बदल, नाहीतर थांब. तिला हा पर्याय फार आवडायचा. त्याची सगळी अडचण मात्र 'मी पाहिलं' या दोन शब्दांत आहे. गिटला डोळे नाहीत. शेवटचा फेच झाला तेव्हाची नोंद त्याच्याकडे असते, आणि तिलाच तो 'पाहिलं' समजतो. आता एडिटरमध्ये ऑटोफेच चालू असेल, तर तो मागच्या मागे फेच करत राहतो. सहकाऱ्याने दुपारी तिच्या ब्रांचवर कमिट टाकला, एडिटरने तो गुपचूप आणला, नोंद बदलली. तिने मात्र तो पाहिलेलाच नाही. संध्याकाळी ती लीज लावून पुश करते. अट पुरी होते आणि सहकाऱ्याचा कमिट ब्रांचवरून नाहीसा होतो. गिटच्या मॅन्युअलमध्ये या धोक्याचा इशारा दिलेला आहे, पण तो वाचतं कोण?

डिसेंबर 2020 मधल्या गिट 2.30 ने यावर '--फोर्स-इफ-इन्क्लूड्स' दिला. फेच होऊन आलेलं टोक आपल्या ब्रांचमध्ये कधी सामावलं होतं का, हे तो रिफ्लॉगमध्ये बघतो. म्हणजे एका पर्यायाचं भोक बुजवायला दुसरा पर्याय, आणि दोन्ही आठवणीने लिहायचे. इथे तिला गिटसारखंच काम करणारं मर्क्युरिअल आठवतं. त्यात 2012 पासून 'फेज' आहेत: बदल सामाईक रिपॉझिटरीत गेला की तो 'पब्लिक' होतो आणि मग इतिहास बदलणाऱ्या कमांड त्याला हात लावू देत नाहीत. तिच्या मते हे जास्त सभ्य. बिटबकेटने 2020 मध्ये आपल्याकडचं मर्क्युरिअल बंद केलं, तेव्हा तिच्या आसपास कुणाला त्याचं काही वाटलं नाही, याचा राग तिच्या मनात अजून आहे. मुलगा म्हणतो की खुद्द गिटच्या रिपॉझिटरीतली 'सीन' ही ब्रांच सतत नव्याने रचली जाते. खरं आहे, पण ते आधी सांगून ठेवलेलं असतं आणि तिच्यावर काम रचू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मग एवढी आवराआवर कशासाठी? बग शोधताना बायसेक्ट सोपा जातो, असं ती सांगते, आणि ते खोटं नाही. पण खरं कारण असं, की रिव्ह्यू करणाऱ्याला वाटावं, हिला पहिल्याच झटक्यात सुचलं. चुकीची वळणं, रात्रीचा गोंधळ, उलटवलेला निर्णय, यातलं काही दिसू नये. त्यात गंमत अशी, की टीम मर्ज करते ती स्क्वॅशचं बटण दाबून. गिटहबवर 2016 पासून असलेल्या त्या बटणाने तिचे सात घोटीव कमिट आणि मुलाचे चाळीस 'फिक्स' मुख्य ब्रांचवर सारखेच, एकेक होऊन बसतात. कमिट लिहिण्याची कला या बटणाने मारली, असं ती चहाच्या वेळी म्हणते. कुणी वाद घालत नाही.

हल्ली ती ऑटोफेच बंद ठेवते आणि लीजपुढे अपेक्षित टोकाचा हॅश स्वतः लिहिते, म्हणजे गिटच्या नोंदीवर विसंबायला नको. कमांड लांबलचक होते, आणि कुणी मागे उभं असलं की ती टाइप करायला तिला जरा जास्तच आवडतं. मुलाने दोन्ही पर्याय घालून दोन अक्षरांचा एलियस करून दिला आहे. तो तिने अजून बसवलेला नाही.