मी गोळ्या बंद केल्या तेव्हा

२०१५ च्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाच्या गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी केल्या नाहीत, त्यानंही केल्या नाहीत. मी केल्या. आधी अर्धी, मग पाव, आणि सात आठवड्यांत काहीच नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, रात्री जागून वाचत होते, आणि स्किझोफ्रेनियाच्या औषधांबद्दल मला जे कळलंय ते आमच्या डॉक्टरांना कळून घ्यायला सवड नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती समजूत आज उरलेली नाही. हे लिहायला बसण्याचं कारण असं की त्याच वर्षी मी आणखी दोन घरांना हाच सल्ला दिला होता.

भाऊ आजारी पडला १९९८ साली, बाविसाव्या वर्षी. कराडात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर इतकं देखणं की पेठेतले लोक त्याच्यासाठी महिनाभर थांबायचे. त्या पावसाळ्यात तो म्हणायला लागला की रात्रीत कुणीतरी पाट्यांवरची अक्षरं बदलतं आणि त्यातून त्याला निरोप देतं. मग आवाज ऐकू यायला लागले. झोप गेली, आईच्या हातचं खाणं बंद झालं. "बाहेरचं आहे" असं चारजणांनी सांगितलं, म्हणून वर्षभर अमावास्येच्या वाऱ्या झाल्या. त्यानंतर डॉक्टर. हॅलोपेरिडॉल सुरू झालं आणि तीन-चार आठवड्यांत आवाज मागे सरले. तो जेवला. आईनं त्या दिवशी केलेली भाजीसुद्धा मला आठवते, शेपूची. तरीही पंधरा वर्षांनी मी हा दिवस हिशोबातून वगळून टाकला होता.

वगळण्याइतकं पुढे खूप घडलं, हेही खरं. दोन महिन्यांत त्याचा हात ताठरला. 'किराणा' लिहायला घ्यायचा तर 'कि' तळहाताएवढा यायचा आणि 'णा' अंगठ्याएवढा. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाणं हे कंपवातात दिसतं. हे औषध मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडवतं, आणि हालचाल सांभाळणारा भागही त्याच डोपामिनवर चालतो, म्हणून औषधानंही तसंच होतं. मी विज्ञानाची शिक्षिका, पण हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ताठरपणावर आणखी एक गोळी आली. त्या गोळीनं तोंडाला कोरड पडली. पाट्यांची कामं सुटत गेली. मग फ्लेक्स आले आणि उरलीसुरली तीही संपली. कुठलं दुःख आजाराचं, कुठलं औषधाचं आणि कुठलं फ्लेक्सचं, हे आम्हाला वेगळं करता येईना.

तो गोळ्या नको म्हणायला लागला. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली. दर्ग्याजवळच्या आश्रमात साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण त्यात गेले. आईनं ती बातमी दोनदा वाचून घेतली माझ्याकडून. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या सकाळच्या चहात औषध घालायला लागली. त्या औषधाला रंग नव्हता, चहात चवही लागत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे साखळी होती, मी तिला दोष देत नाही. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले.

२००५ मध्ये ओलान्झापिन सुरू झालं. हात मोकळा झाला, पण भूक अशी लागायची की रात्री दोनला तो भाताचं पातेलं घेऊन बसलेला असायचा. ५६ किलोंचा मुलगा दोन वर्षांत ८३ किलोंचा झाला. २०११ मध्ये साखर निघाली. त्या सहा वर्षांत दवाखान्यात त्याला एकदाही वजनकाट्यावर उभं केलं गेलं नव्हतं. आणि हळूहळू त्याचे ओठ आणि जीभ आपोआप हलायला लागले, सतत काहीतरी चघळल्यासारखे. लोक विचारायचे, "तंबाखूची सवय लागली का रे?" जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढांत शंभरातल्या साधारण पाच जणांना दर वर्षी हे नव्यानं होतं आणि बऱ्याचदा कायमचं राहतं, हे मी पुढे वाचलं. तो मात्र चारचौघांत जाणं टाळायला लागला होता.

अशा वेळी माझ्या हाती रॉबर्ट व्हिटेकर यांचं २०१० मधलं पुस्तक पडलं, 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ‍ॅन एपिडेमिक'. दीर्घकाळ घेतलेली ही औषधंच अनेकांचा आजार रेंगाळत ठेवतात, असा त्यातला युक्तिवाद. मग शिकागोच्या मार्टिन हॅरो यांचा अभ्यास वाचला. पंधरा वर्षांनी पाहिलं तर औषध न घेणाऱ्यांपैकी ४० टक्के सावरलेले, घेणाऱ्यांपैकी फक्त ५ टक्के. मग नेदरलँड्समधल्या वुंडरिंक यांचा २०१३ चा अभ्यास. सात वर्षांनी, औषध कमी किंवा बंद केलेल्या गटातले ४० टक्के बरे, चालू ठेवलेल्या गटातले १८. या आकड्यांत मला भावाचे हलणारे ओठ दिसत होते. मी पेटून उठले. त्याला म्हटलं, "डॉक्टरांनी डोस कमी करायला सांगितलंय." डॉक्टरांना काही कळवलं नाही.

पहिले चार महिने फार सुंदर गेले, हे मला लपवायचं नाही. तो सहाला उठायला लागला. वजन उतरलं. आमच्या शाळेच्या भिंतीवर त्यानं सुविचार रंगवले. पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एका मापाचं. मी त्या भिंतीसमोर उभी राहून रडले आणि मनातल्या मनात डॉक्टरांना जाब विचारला. त्याच दिवसांत स्वमदत गटातल्या दोन आयांना मी म्हणाले, हळूहळू सोडवा.

सप्टेंबरमध्ये झोप कमी झाली. मी म्हटलं, उत्साह आहे. मग त्यानं भिंतीवरचा एक सुविचार पांढऱ्या रंगानं पुसून काढला. तीन दिवसांनी तो घरात नव्हता. अकरा दिवसांनी मिरज जंक्शनच्या फलाटावर सापडला. पायात चप्पल नव्हती, टाचा फाटून त्यांत पू झालेला. मला त्यानं ओळखलं, पण मी खरी ताई आहे यावर त्याचा विश्वास बसेना. भरती करावं लागलं. आणि जे औषध आधी लागू पडत होतं, ते या वेळी पडलं नाही. आजार उलटला की असं काहींच्या बाबतीत होतं. आम्हाला दीड वर्ष लागलं.

त्या दीड वर्षात मी तेच अभ्यास पुन्हा काढले आणि या वेळी आकड्यांच्या आधीची पानं वाचली. हॅरो यांच्या अभ्यासात कुणाला औषध द्यायचं आणि कुणाचं थांबवायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांचा आजार सौम्य, ज्यांना आधीपासून जमत होतं, तेच बहुधा औषधाशिवाय राहिले. कुबड्या न घेणारे कुबड्या घेणाऱ्यांपेक्षा भरभर चालतात, म्हणून कुबड्यांनी पाय मोडतो असं होत नाही. वर्गात चौदा वर्षांच्या मुलांना मी हा फरक दरवर्षी शिकवायचे. वुंडरिंक यांच्याकडे गट चिठ्ठीनं पाडले होते, पण ती माणसं होती १०३, सगळी पहिल्याच झटक्यातली, आणि सहा महिने पूर्ण बरी राहिलेली. माझा भाऊ सतरा वर्षांचा जुना पेशंट. शिवाय त्या अभ्यासातही सुरुवातीच्या दीड वर्षात औषध कमी केलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण दुप्पट होतं. ते वाक्य मी पहिल्या वाचनातही वाचलं असणार. माझ्या डोळ्यांनी ते वाचलं, मी नाही.

मग मी जे मुद्दाम वाचलं नव्हतं ते वाचलं. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ६५ चाचण्या एकत्र करून मांडलेला हिशोब: वर्षभरात औषध घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचा. फिनलंडमध्ये ६६ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी अकरा वर्षं तपासल्या होत्या. मला खात्री होती की वजन, साखर आणि हृदयाच्या वाटेनं ही औषधं माणसं मारत असणार. तिथे उलट दिसलं. मुळीच औषध न घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते, आणि सगळ्यांत कमी मृत्यू क्लोझापिन घेणाऱ्यांत. हाही चिठ्ठीनं पाडलेला गट नव्हे, त्यामुळे हॅरोंना लावलेला निकष इथेही लावायला हवा. पण माझ्या मनातलं सरळ गणित तिथे मोडलं. या आजाराची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात. त्यात औषधांनी वाढलेली साखर आहे, तशीच बिडी आहे, आत्महत्या आहे, आणि "याचं डोकं फिरलंय" म्हणून छातीतल्या दुखण्याकडे न बघणारी आपली रुग्णालयंही आहेत. २०१८ मध्ये हाँगकाँगचा दहा वर्षांचा पाठपुरावा आला. पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांपैकी ज्यांचं औषध लवकर थांबवलं, त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांची पुढे स्थिती वाईट. चालू ठेवलेल्यांत २१ टक्के.

क्लोझापिनला मी सगळ्यांत जास्त घाबरत होते. १९७५ मध्ये फिनलंडमध्येच त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपून ८ माणसं दगावली होती, आणि कित्येक देशांत ते बाजूला पडलं होतं. १९८८ च्या अमेरिकी चाचणीनं ते परत आणलं. इतर औषधांना दाद न दिलेल्या रुग्णांपैकी ३० टक्के त्यानं सुधारले, जुन्या औषधानं ४ टक्के. अट एक, रक्त तपासत राहायचं. २०१७ च्या मार्चमध्ये भावाला ते सुरू झालं. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला लॅब, मग पंधरवड्यानं, वर्षानंतर महिन्यानं. पाचव्या महिन्यात तो मला म्हणाला, "ताई, शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाल्यासारखं वाटतंय." ओठांची हालचालही हळूहळू कमी झाली, या औषधानं काहींत ती कमी होते. त्याबदल्यात झोपेत लाळ गळते, उशीवर रोज नवा टॉवेल लागतो. बद्धकोष्ठ इतका की तो धोक्याचा ठरू शकतो, त्याची रोजची नोंद ठेवावी लागते. वजन ७८. मधुमेहाची गोळी आहेच. ही किंमत खरी आहे. "औषध चालू आहे ना, मग झालं," असं मला कुणी म्हटलं की आजही माझा आवाज चढतो.

पण माझी खरी चूक आकडे वाचण्यातली नव्हती. ती मला त्यानं सांगितली. २०१८ च्या दिवाळीत, आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत, आम्ही दोघं ओट्यावर बसून पणत्यांच्या वाती वळत होतो. मी त्याला सगळं सांगितलं. चहातलं औषध सांगितलं, डॉक्टरांचं नाव घेऊन मी खोटं बोलले तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या खाण्यात कुणीतरी काहीतरी घालतंय असं मी म्हणायचो, ते खरं होतं."

मला उत्तर देता आलं नाही. आईनं न सांगता घातलं आणि मी न सांगता काढलं. मी स्वतःला आईच्या विरुद्ध बाजूची समजत होते. आम्हा दोघींचं म्हणणं एकच होतं: त्याच्या डोक्यात काय जावं हे त्याला विचारायची गरज नाही. आमच्याकडच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मी सोळा वर्षं शुभंकर म्हणून मिरवले होते.

त्या दोन घरांत मी जाऊन आले. एका आईनं माझं ऐकलंच नव्हतं. दुसरीनं गोळ्या सोडवल्या होत्या आणि मुलगी सलग चार रात्री जागी राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात परत सुरू केल्या होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." ते ऐकणं रागावण्यापेक्षा जड गेलं.

आता औषधाच्या बाजूनं किंवा विरुद्ध असं माझं मत उरलेलं नाही. या माणसाला, या मात्रेत, या वर्षी काय मिळतंय आणि काय जातंय, एवढंच मला विचारावंसं वाटतं. दर सहा महिन्यांनी आम्ही कंबर मोजतो, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासतो, तो अक्षर लिहून बघतो. गेल्या वर्षी त्यानं स्वतःच विचारलं, डोस थोडा उतरवता येईल का. मला धसका बसला. इंग्लंडमध्ये २५३ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले होते. हळूहळू औषध उतरवलेल्यांचं रोजचं जगणं दोन वर्षांनी काही सुधारलं नव्हतं, आणि भरती व्हावं लागण्याइतका आजार २५ टक्क्यांचा उलटला होता, न उतरवलेल्यांत १३ टक्क्यांचा. मी त्याला ते कागद मराठीत समजावून दिले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे शंभरातल्या पंच्याहत्तरांना भरती व्हावं लागलं नाही." मी तो आकडा त्या बाजूनं कधी वाचलाच नव्हता.

मात्रा आणि परिणाम सरळ रेषेत उतरत नाहीत, हेही मला २०१५ मध्ये माहीत नव्हतं. अर्धी गोळी म्हणजे अर्धा परिणाम नव्हे. वरच्या मात्रा कमी केल्या तर मेंदूत फारसा फरक पडत नाही. शेवटचा पाव तुकडा काढला की एकदम कडा कोसळतो. मी तो तुकडा एका सोमवारी काढला होता. आताचे डॉक्टर म्हणाले, उतरवलं तर अगदी थोडं, आणि पुढची पायरी कित्येक महिन्यांनी. झोप दोन रात्री बिघडली की फोन.

त्या दिवशी तपासणीच्या खोलीच्या दारात तो थांबला. फाइल माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "ताई, तू बाहेर बस." मी बाकावर बसले. वीस मिनिटांनी तो बाहेर आला. काय ठरलं ते मी विचारलं नाही. बसस्टँडपर्यंत गेलो, उसाचा रस त्याला चालत नाही म्हणून दोघांनी ताक घेतलं. मेडिकलच्या दुकानात त्यानं चिठ्ठी पुढे केली आणि दुकानदाराला सांगितलं, "शंभरची आणि पंचवीसची वेगवेगळी द्या, मला मोजायची आहेत."