पट्टी येण्याआधी भाव कळतो

कोकणातल्या आंबेवाल्यांच्या घरात ‘पट्टी’ हा शब्द जरा दबक्या आवाजातच निघतो. आंबा रात्रीच्या गाडीने वाशी मार्केटला जातो. काही दिवसांनी दलालाकडून हिशेबाचा कागद येतो, तीच पट्टी. पेट्या किती, भाव काय, भाडं-हमाली किती कापली, हाती काय उरलं. माल पिकवणाऱ्याला मालाची किंमत सगळ्यात शेवटी कळायची, तीही माल खाऊन संपल्यावर! अब्बा पट्टी दोनदा वाचत, घडी घालून कपाटात ठेवत आणि विषय बदलत.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. घरात मोबाइलला रेंज नसायची. बोलायचं असेल तर सड्यावर चढायचं, तिथेही बोलणं व्हायचं, फोटो जायचा नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाज्या नियमनमुक्त केल्या. म्हणजे बाजार समितीच्या आवाराबाहेर आंबा कुणालाही विकायची मोकळीक मिळाली. मी ती बातमी अब्बांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “विकायचा कुणाला? आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं तर उत्तर द्यायला सड्यावर जायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोकळीक दोन-तीन वर्षं कागदावरच राहिली.

मग केबलवाल्याने विजेच्या खांबांवरून फायबर ओढत आणली. पहिले काही महिने घरात फक्त मुलांचे व्हिडीओ चालले, हे कबूल करायला हवं. धंद्याला तिचा उपयोग कळला तो २०२० च्या एप्रिलमध्ये. लॉकडाउन, रमजान तोंडावर, झाडं लगडलेली आणि मार्केटचा भरवसा नाही. भाभीने ठाण्यातल्या एका नातेवाइकाच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेटीचे फोटो टाकले. संध्याकाळपर्यंत विचारणा सुरू झाली.

वेग का लागतो, ते आंब्याच्या धंद्यात पटकन समजतं. आंबा म्हणजे काही सिमेंटची गोणी नव्हे. झेल्याने उतरवला की त्याचं घड्याळ सुरू होतं. आठ-दहा दिवसांत तो पिकणार, तुमची तयारी असो वा नसो. दोन-चार पेट्यांसाठी मुंबईकडे गाडी पाठवणं परवडत नाही. एकाच भागातल्या मागण्या एका रात्रीत जमल्या, तर पिकअप भरतो आणि भाडं निघतं. त्यासाठी रात्री दहापर्यंत प्रत्येकाचा पत्ता, डझन आणि पैसे आले की नाही, हे सगळं एका जागी दिसायला लागतं. मगच सकाळी किती आंबा उतरवायचा ते ठरतं. पूर्वी आधी आंबा उतरवायचा आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघायची. आता गिऱ्हाईक आधी, झेला नंतर. फोटो जायला तासभर लागला असता, तर हे जमलंच नसतं.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. “कर्नाटकचा नाही ना?” हे प्रत्येक जण विचारतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आहेत. पण मानांकन काही सालीवर उमटत नाही. भाभी सरळ व्हिडीओ कॉल लावते आणि बागेत उभी राहून देठासकट आंबा उतरवताना दाखवते. वायफाय पोचावं म्हणून बागेकडच्या पडवीत एक जादा डबा बसवलाय. तरीही एखाद्या आंब्यात साका निघतोच. मग कापलेल्या फोडीचा फोटो येतो, रागीट शब्दांसकट. भाभी वाद घालत नाही, पुढच्या पेटीत आंबे वाढवून देते. ही सोय पट्टीच्या काळात ना गिऱ्हाइकाला होती ना आम्हाला.

याने दलाल संपला असं समजू नका. अर्धा माल अजून वाशीलाच जातो. मोहोरावर तुडतुडे आले की फवारणीला पैसे लागतात, आणि ती उचल कुठलाही ग्रुप देत नाही. फरक एवढाच, की दिवसाचा भाव आता सकाळीच फोनवर कळतो. अब्बा दलालाला विचारतात, “पाच डझनी आज काय गेली?” त्यांना आकडा आधीच माहीत असतो आणि दलालालाही ते माहीत असतं. पट्ट्या बऱ्या यायला लागल्या आहेत.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आंबा झोडपून जमिनीवर पाडला. खांब पडले, वीज गेली, फायबर तुटली. तेव्हा जगातला कुठलाही वेग आमच्या कामाचा नव्हता.

भाई कुवेतमध्ये अकरा वर्षं होता. आमच्याकडच्या घरांना आखाताचा पैसा नवा नाही. कितीतरी घरांत बाप फक्त सुट्टीत भेटतो. भाई परत आला, तेव्हा लोकांनी विचारलं, “इथे बसून काय करणार?” तो पाठवणी, गाड्या आणि बाग बघतो. गिऱ्हाइकं, पैसे आणि हिशेब मात्र सगळं भाभीच्या हातात.

आमच्या पेट्यांवर आजोबांच्या नावापुढे ‘अँड सन्स’ असा ठसा असायचा. यंदा छापील लेबलं करायची ठरली. छापखान्याने नमुना फोनवर पाठवला, त्यातही ‘अँड सन्स’ होतंच. भाभीने त्यावर लाल रेघ मारून तो तिथल्या तिथे परत पाठवला. अब्बांनी काय लिहायला सांगितलं, असं विचारलं. ती म्हणाली, “छापून आलं की बघा.”