सालीवरचा ग्राफिस

सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात आंबा, फणस, सुपारी यांच्या खोडांवर राखाडी-पांढरे डाग असतात. त्यांतल्या काहींवर काळ्या, वळणदार, मधूनच फाटे फुटलेल्या रेघा दिसतात. मोडी गिरवल्यासारखा वाटणारा असा डाग बहुधा ग्राफिस या प्रजातीचा किंवा तिच्या जवळच्या नात्यातला शैवाक असतो. गोड्या मसाल्यातले दगडफूलही शैवाकच. पण ते पानासारखे सुटे वाढते आणि हाताने काढता येते. ग्राफिसची खपली सालीशी एकजीव असते. सालीचा पापुद्रा कापल्याशिवाय ती हाती लागत नाही.

तिची सुरुवात बुरशीच्या बीजाणूपासून होते. बीजाणू सालीवर रुजला, तरी जोडीला योग्य शैवल मिळेपर्यंत शैवाक घडत नाही. बुरशी आसरा देते, शैवल अन्न तयार करते. ग्राफिसच्या सोबतीला ट्रेंटेपोलिया असते. हे शैवल हिरव्या गटातले, पण कॅरोटीनमुळे नारिंगी दिसणारे. त्यामुळे खपली नखाने खरवडली की आत पिवळट-नारिंगी छटा दिसते. वाढ फार संथ असते. दोन खपल्या एकमेकींना भिडल्या, की मध्ये अनेकदा काळी सीमारेषा उमटते.

रेघा उमटण्याआधीच्या वयात जात सांगता येत नाही, कारण नुसत्या राखाडी खपल्या कितीतरी शैवाकांच्या असतात. काळ्या रेघा ही बुरशीची फळे. ती धरल्यावरच ओळख पटते. दहापट भिंगातून रेघेचे दोन ओठ आणि मधली फट दिसते. ओठ मिटलेले की उघडे, गुळगुळीत की लांबीच्या दिशेने चरे पडलेले, हे आधी पाहतात. मग ब्लेडने पातळ आडवा काप घेऊन काळा थर तळापर्यंत पोचतो का, ते तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफिसचे बीजाणू रंगहीन, अनेक कप्प्यांचे आणि आयोडीनने सहसा निळे-जांभळे होणारे असतात; पिकलेले बीजाणू तपकिरी निघाले, तर फेओग्राफिस या प्रजातीचा विचार करावा लागतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने खपली पिवळी होऊन लाल झाली, तर नॉरस्टिक्टिक आम्लाची शक्यता असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला माखीजा आणि सहकाऱ्यांनी ग्राफिसच्या कुळाचा तपशीलवार अभ्यास केला आहे.

साल गळाली, की खपलीचेही आयुष्य संपते. बागेत मात्र रोग समजून ती त्याआधीच खरवडली जाते. ग्राफिस झाडाच्या रसावर जगत नाही. साल त्याला केवळ आधारापुरती लागते. त्याच्यासाठी खोड खरवडू नये.