कुत्र्याची जागा

गाईला गोठा आहे, घोड्याला पागा, हत्तीला पिलखाना, कोंबड्यांना खुराडे. चिमणीला घरटे, पोपटाला ढोली, उंदराला बीळ आणि नागाला, ते वाळवीने बांधलेले असले तरी, वारूळ आहे. मराठीने एवढ्या सगळ्यांच्या निवाऱ्याची नावनिशीवार तरतूद केली. कुत्र्याच्या निवाऱ्याला मात्र नित्याच्या बोलण्यातला एकही सुटा शब्द दिला नाही. 'श्वानगृह' आहे, पण तो पाटीवर रंगवण्याचा शब्द. कारण उघड आहे. कुत्र्याकडे घर राखण्याचे काम होते, आणि घर राखणाऱ्याने घराबाहेर असावे अशीच रीत होती. पडवी, अंगण, खळे, गोठ्याचे दार आणि शेवटी उकिरडा, या त्याच्या जागा. 'हाड' हा एक शब्द आपण खास त्याच्यासाठी राखून ठेवला, आणि तोही जागा सोडायला सांगणारा.

तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत दोन महिन्यांचे गावठी पिल्लू आणायचे ठरले तेव्हा ही उणीव आम्हाला प्रथम व्यवहारात जाणवली. इथे पडवी नाही, अंगण नाही. जागा ठरवून द्यायला हवी होती आणि ती विकत घ्यायला हवी होती. दुकानात 'बेड' आणि 'क्रेट' असे दोन शब्द मिळाले. पैकी क्रेट म्हणताच आमच्या डोळ्यांसमोर बाजार समितीतले टोमॅटो उभे राहतात. त्याला मराठीत पिंजरा म्हणावे, तर त्या शब्दावर अर्थाचे थर फार. पोपट आला, देहाच्या पिंजऱ्यातला जीव आला, आणि १९७२ सालचा शांतारामांचा चित्रपटही आला, ज्यात अडकतो तो एक शिक्षक. दोन शिक्षकांच्या घरात हा शेवटचा संदर्भ दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

वास्तविक कुत्र्याला कुठे ठेवायचे, हा प्रश्न आपल्या वाङ्मयात जुना आहे. आदिपर्वाच्या आरंभीच्या भागात जनमेजयाच्या सत्रापाशी आलेल्या सारमेयाला राजाचे भाऊ मारून हाकलतात. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. त्याची आई सरमा येऊन जाब विचारते आणि शाप देऊन जाते. महाप्रस्थानिक पर्वात दुसरे टोक आहे: कुत्र्याला स्वर्गात स्थान नाही, असे इंद्र सांगतो आणि युधिष्ठिर त्याला सोडून रथात चढायला नकार देतो. आम्ही हा प्रसंग वर्गात अनेकदा सांगितला आहे, आणि दर वेळी चर्चा युधिष्ठिराची झाली आहे. कुत्र्याला स्वर्गात घेतलेच असते तर त्याला नेमके कुठे निजवायचे, हे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. व्यासांनाही ते सांगावे लागले नाही, कारण ऐन वेळी कुत्र्याचा धर्म झाला. आम्हाला ती सोय नव्हती.

अंथरुणाचा निकाल तुलनेने लवकर लागला. दुकानदाराने पुढे केलेला बेड मेदूवड्याच्या आकाराचा, कडेला गुबगुबीत आणि आत लांब केसांचे मखमली कापड असलेला होता. थंड देशात तो योग्यच असेल. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि म्हणून आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तो मऊ अंथरूण सोडून उघड्या फरशीवर पोट टेकतो. शिवाय या वयाचे पिल्लू जे जे दिसेल ते चावते. फोमचे तुकडे गिळले गेले तर आतड्यात अडकू शकतात, आणि मग प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

आमच्यापैकी एकीने माहेरची गोधडी काढली. तिच्याविरुद्धही हाच आक्षेप निघाला, किंबहुना अधिक गंभीर. गोधडीचा जीव तिच्या टाक्यांत असतो आणि पिल्लाचा जीव त्याच टाक्यांमुळे जाऊ शकतो. गिळलेला लांब दोरा आतड्याला चुण्या पाडतो आणि कापतोही. गोधडीवर, ती लोकसंस्कृतीचे रूपक आहे वगैरे, मराठीत जेवढे लिहिले गेले आहे त्यात ही बाजू आमच्या वाचनात आली नव्हती. शेवटी दोन जुन्या सुती चादरींच्या घड्या, जाड कापडाच्या साध्या अभ्र्यात, असे तीन संच शिवून घेतले. एक अंगाखाली, एक धुण्यात, एक दोरीवर. पिल्लू घरात असताना तीनही लागतात.

पिंजऱ्याचा निकाल मात्र लवकर लागला नाही. मापाचे गणित सोपे आहे. कुत्र्याला मान न वाकवता उभे राहता यावे, जागच्या जागी वळता यावे आणि पाय पसरून कुशीवर पडता यावे, एवढी जागा हवी. आपला गावठी कुत्रा मध्यम चणीचा, त्यामुळे वाढल्यावरचा विचार करून ३६ इंच लांबीचा घ्यावा असे ठरले. पण दोन महिन्यांच्या पिल्लाला ३६ इंच म्हणजे वाडाच. कुत्रा आपण निजतो ती जागा सहसा घाण करत नाही, हे या साऱ्या पद्धतीचे मूळ. आणि जागा फार मोठी असली की पिल्लू एका कोपऱ्यात निजते आणि दुसऱ्यात कार्यभाग उरकते. म्हणून आत सरकवता येणारी मधली जाळी असलेला घ्यायचा आणि पिल्लाबरोबर ती मागे मागे न्यायची. कापडी पिंजरा चावला जाईल, प्लॅस्टिकचा उन्हाळ्यात कोंदटेल. तेव्हा तारांचा, खाली काढून धुता येणारा ट्रे असलेला. आत सोडण्यापूर्वी गळपट्टा काढायचा, कारण तो तारेत अडकला तर फास बसतो. एवढे सगळे एका संध्याकाळी ठरले. त्याच्या पुढचे, म्हणजे दार लावायचे की नाही, हे ठरायला आणखी तीन आठवडे गेले.

पिंजऱ्याच्या समर्थनार्थ जे लिहिले जाते त्यात 'गुहे'चा सिद्धान्त हमखास असतो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडगा गुहेत राहतो, म्हणून पिंजरा ही कुत्र्याची नैसर्गिक गुहा. साहित्याच्या अध्यापनाने दुसरे काही नाही तरी एवढे शिकवले आहे, की उपमा फार सोयीची वाटू लागली की तिचे उपमेय तपासावे. लांडगी बिळाचा वा गुहेचा आश्रय घेते तो मुख्यतः विण्यापुरता. पिल्ले तीनेक आठवड्यांची झाली की तोंडाशी येतात आणि साधारण दोन-अडीच महिन्यांत ती जागा सोडून देतात. आपल्या रस्त्यावरची कुत्रीही मोरीखाली किंवा बांधकामाच्या वाळूमागे विते, आणि याच सुमारास पिल्ले तिथून पांगू लागतात. म्हणजे ज्या वयात पिल्लाने गुहा सोडायची त्याच वयात आपण त्याला 'गुहे'त घालतो आणि त्याला निसर्ग म्हणतो. स्वीडनमध्ये प्रवासासारखे प्रसंग वगळता घरी कुत्र्याला दार लावून पिंजऱ्यात ठेवायला कायद्याने मनाई आहे. अमेरिकेत तीच गोष्ट जबाबदार पालकाचे लक्षण मानली जाते. कुत्रा दोन्हीकडे एकच.

तरीही आम्ही पिंजरा आणला. गुहा म्हणून नव्हे. घरात विजेच्या तारा आहेत, फिनेल आहे, डब्यातून सांडणारे बेदाणे आहेत (ते कुत्र्याला विषारी असतात, हे आम्हाला पशुवैद्यांनी सांगितले), गज विरळ असलेली गॅलरी आहे, आणि आम्हा दोघांनाही तास आहेत. पिंजरा आमच्या सोयीसाठी आहे, आणि त्या सोयीत पिल्लाची सुरक्षितता आहे. ही मांडणी गुहेइतकी मोहक नाही. पण 'गुहा' म्हटले की दार किती वेळ लावले हे मोजावेसे वाटत नाही. 'पिंजरा' म्हटले की घड्याळाकडे लक्ष जाते. घरात आम्ही तोच शब्द ठेवला.

भेटीला आलेल्या एका नातेवाइकांनी पाहताक्षणी विचारले, "बिचाऱ्याला कोंडलंत होय?" प्रश्न रास्त होता. मात्र त्यांच्या गावच्या घरी दाराशी जो कुत्रा आहे, तो आम्ही गेली सात वर्षे एकाच खुंटाला, चारेक फूट साखळीवर पाहत आलो आहोत. त्याच्याभोवती मातीत एक गुळगुळीत वर्तुळ उमटले आहे. त्या वर्तुळाला कोणी कोंडणे म्हणत नाही, कारण ते अंगणात आहे आणि साखळी हा शब्द कानांना सवयीचा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात अपुरा पिंजरा आणि अवाजवी आखूड किंवा जड साखळी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत. हे आम्ही त्यांना तेव्हा सांगितले नाही. चहा चालू होता. परत निघताना मात्र त्यांनी पिंजऱ्याची किंमत विचारली आणि मग, "लांब साखळी कुठं मिळते हो?" असेही विचारले.

पहिले चार दिवस दार बांधून उघडे ठेवले. जेवण आत, पाणी आत, आवडते चावणे आत. मग दार दोन मिनिटे, पाच मिनिटे. रात्री पिंजरा आमच्या पलंगाला लागून, कारण आईच्या आणि भावंडांच्या उबेतून उचललेले पिल्लू रडते ते अंधारापेक्षा एकटेपणाला भिऊन. तारांतून बोटे आत सोडली की ते निजायचे. शिक्षा म्हणून एकदाही आत घातले नाही. पिल्लाच्या वयाचे जितके महिने तितके तास ते लघवी धरू शकते, असा एक ठोकताळा आहे, पण तो कमाल मर्यादेचा. दिवसा आम्ही दोन तासांचीच सीमा घातली, त्याहून जास्त वेळ जायचे असेल तर स्वयंपाकघराचा कोपरा जाळीने अडवून तो मोकळा दिला, आणि तास असे लावून घेतले की दोघे एकाच वेळी फार काळ बाहेर नसू.

आता ते साडेतीन महिन्यांचे आहे. मधली जाळी दोनदा मागे सरकली, अभ्र्यांचा एक संच फाटला. दुपारी उकडू लागले की ते पिंजरा, चादरी आणि आमची सगळी विचारसरणी सोडून मोरीच्या ओल्या उंबऱ्यापाशी पालथे पडते. रात्री मात्र आपणहून आत जाते. दार लावायचे की नाही यावर आमच्यात अजून दोन मते आहेत. जूनमध्ये नवे वेळापत्रक लागेल, त्यात मंगळवारी आणि गुरुवारी दोघांचेही तास सकाळी आठपासून आहेत. विभागप्रमुखांकडे अर्ज दिला आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहिले ते इथे सांगत नाही.