भुऱ्याची साखर

भुऱ्याचं दुखणं आमच्या आधी मुंग्यांना कळलं. पेणला आमच्या घराला लागून काकांचा गणपतींचा कारखाना आहे. त्यामागचा रेतीचा ढीग भुऱ्यानं लहानपणापासून स्वतःसाठी राखून ठेवला होता. त्या वर्षी उन्हाळा संपताना आईला ढिगावर मुंग्यांची रांग दिसली. ती एवढंच म्हणाली, "बोक्याला साखर झालीय गं. आप्पांच्या वेळी मोरीत अशाच मुंग्या यायच्या."

भुऱ्या तेव्हा दहा वर्षांचा होता. अंगानं भरलेला, नसबंदी झालेला, दूधभातावर पोसलेला. कच्च्या मूर्तींच्या फळ्यांवरून तो असा चालायचा की कुणाच्या सोंडेलाही धक्का लागत नसे, म्हणून कारागिरांनी त्याला कधी हाकललं नाही. आता तोच सारखं पाणी शोधत फिरू लागला. ब्रश बुडवलेल्या डब्यांतलं पाणीसुद्धा प्यायचा, म्हणून मुलांनी डबे झाकायला सुरुवात केली. खाणं वाढलं आणि पाठीचा कणा दिसू लागला. मग मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला. मांजराच्या मधुमेहात नसा दुबळ्या होतात आणि चाल अशी बसते.

मांजरं नीट पाहणारे डॉक्टर रोह्याला होते. वेताच्या टोपलीत घालून मेमूनं न्यायचं. कासू, नागोठणे, निडी, प्रत्येक स्टेशनाला भुऱ्या टोपली डोक्यावर घ्यायचा. दवाखान्यात रक्तात साखर चारशेच्या वर निघाली, लघवीतही भरपूर. निदान पक्कं होतं. डॉक्टरांनी लँटस हे इन्शुलिन सुरू केलं, बारा बारा तासांनी एक युनिट, पुढे दोन. मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई कशी घालायची ते त्यांनी शांतपणे दाखवलं. सिरिंजचं तर तीनदा बजावलं: लँटस शंभरचं असतं, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज. लाल टोपणाची चाळीसची असते, तिच्यात दोनच्या खुणेपर्यंत भरलं तर जनावराच्या अंगात पाच युनिट जातात. त्यांच्या या एका सांगण्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मतभेद झाला तो पुढे. दर फेरीला दवाखान्यातला आकडा सव्वातीनशेच्या पुढेच यायचा आणि डॉक्टर म्हणायचे, "ताई, डोस चारवर नेऊ." मी मात्र घरी ग्लुकोमीटर आणला होता. कानाच्या कडेची शीर गरम फडक्यानं शेकायची, टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा आणि लगेच उकडलेल्या बांगड्याचा तुकडा द्यायचा. थोड्याच दिवसांत भुऱ्या सुई पाहून स्वतःच कान पुढे करू लागला. दिवसभर दोन दोन तासांनी मोजलं तर दुपारी साखर नव्वदीच्या आसपास उतरत होती. नव्वदीवर असलेल्या बोक्याला दुप्पट डोस दिला असता तर तो आचके देत कोसळला असता.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की माणसांचं यंत्र मांजराच्या रक्तात साखर कमी दाखवतं. ते खरंच आहे. पण कमी दाखवलं म्हणून नव्वदीचे सव्वातीनशे होत नाहीत. घाबरलेल्या मांजराचं यकृत साखर ओतू लागतं. टोपली, गाडी, बाहेर बांधलेला कुत्रा, एवढं झाल्यावर टेबलावर मोजलेली साखर ही भीतीचीच असते. मी डोस वाढवणार नाही असं त्यांना तोंडावर सांगितलं. ते चिडले, आणि का चिडले ते मला कळत होतं: इन्शुलिनच्या बाबतीत मनाला येईल तसं करणारे किती मालक त्यांनी पाहिले असतील! शेवटी त्यांनीच फ्रुक्टोसामाइनची तपासणी मुंबईला पाठवली. तिच्यात आदल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी साखर कळते, एका सकाळच्या धास्तीनं ती बिघडत नाही. अहवाल चांगला आला आणि डोस दोनवरच राहिला.

खाण्यावरून मात्र आमचं कधीच जमलं नाही. त्यांना पोत्यातला मधुमेही मांजरांचा कोरडा खाऊ हवा होता. त्या पाकिटावर पिष्टाचा आकडाच छापलेला नव्हता. प्रथिनं, चरबी, तंतू, राख आणि ओलावा शंभरातून वजा करून मी तो काढला, आणि तो मांजरासाठी फार होता. मांजर मुळात मांसावर जगणारा प्राणी. मी दूधभात बंद केला. उकडलेली कोंबडी, तिची काळीज-कलेजी, मधूनमधून मासे. नुसत्या मांसात कॅल्शियम पुरत नाही हे डॉक्टरांचं बोलणं मी मानलं आणि त्यांनी दिलेली भुकटी त्यात घालत राहिले.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात या वेळा आईनं आरतीसारख्या पाळल्या. गणपतीआधीच्या आठवड्यात कारखान्यात रात्रभर टेम्पो भरत असायचे, वीज जायची, कुपी माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून जे हाती आणलं, ते शंभर वर्षांनी पेणच्या एका बोक्याच्या मानेत जात होतं, याचं मला रोज नवल वाटायचं.

हिवाळा सरता सरता दुपारचे आकडे आणखी उतरले. डोस एकवर आला, मग अर्ध्यावर, मग बंदच झाला. कुत्र्यात असं क्वचितच घडतं, पण मांजरात लवकर आणि नेटानं साखर आवरली तर घडू शकतं. डॉक्टर म्हणाले, इन्शुलिनचं यश. मी म्हणाले, दूधभात सुटल्याचं. भुऱ्या पुन्हा पंजांवर चालू लागला आणि फळ्यांवर चढला.

काही वर्षांनी त्याची मूत्रपिंडं थकली. तेव्हाही सलाइन रोह्याला येऊन लावायचं की घरी, यावर आम्ही दोघांनी तासभर वाद घातला. मग डॉक्टरांनी कातडीखाली सलाइन देण्याची सुई काढली, भुऱ्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "घरीच द्या. पण आकडे मला रोज रात्री फोनवर सांगायचे." ते मी शेवटपर्यंत सांगितले.